खाली पाणी

गेल्या उन्हाळ्यात मी इंदूरच्या पलासिया भागातल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर रोज जात होते. तिथे आमच्या विभागाचे जुने लॅब अटेंडंट दाखल होते. कॉलेजात त्यांना सगळे काकाजी म्हणायचे, मराठीही आणि हिंदीवालेही, म्हणून मीही म्हणायचे. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती बावीस वर्षं सांगायची राहून गेली होती, आणि आता मी सांगायला तयार झाले तर ऐकायला काकाजी जागेवर नव्हते. डोळे उघडे असायचे, हात हातात घेतला तर धरायचे, पण मला कधी शाळामास्तरीण समजायचे, तर कधी महूची कुणी नातेवाईक बाई.

"बॉडी में नमक कम नहीं हुआ है मैडम, पानी ज़्यादा हो गया है," डॉक्टर म्हणाला. वय माझ्या विद्यार्थ्यांएवढं. शरीरातलं पाणी धरून ठेवणारा एक हार्मोन असतो, तो काकाजींच्या अंगात थांबायचं नावच घेत नव्हता. प्यायलेलं पाणी आतच राहत होतं, रक्त पातळ होत होतं आणि सोडियम उतरलं होतं. मेंदूला ते सोसत नव्हतं. डॉक्टर हे मला समजावून सांगत होता आणि मी शहाण्यासारखी मान डोलावत होते. हेच मी तेवीस वर्षं फळ्यावर मासा काढून शिकवत आले आहे.

"ठीक होतील ना पूर्ण?" मी विचारलं.

"देखते हैं. धीरे-धीरे चढ़ाएँगे. जल्दी नहीं कर सकते, दिमाग को नुकसान होता है."

धीरे-धीरे. हा शब्द ऐकून मला तिथेच रडू आलं. डॉक्टरला वाटलं, मी त्यांची मुलगी असेन.

मी मूळची देवगडच्या बाजूची. इंदूरला आले ती नोकरीच्या निमित्ताने, प्राणिशास्त्राची व्याख्याती म्हणून, तीही प्रोबेशनवर. इथल्या मराठी माणसांचं मराठी ऐकून पहिल्या आठवड्यातच माझी खात्री झाली की ही मंडळी माझी फिरकी घेतायत. "मॅडम, जरा खिसका," म्हणायचे. "चाय पिऊन घ्या, मग बोलू." काकाजींचे पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर आलेले, सात-आठ पिढ्या इथेच. ते अभिमानाने म्हणायचे, "आम्ही शुद्ध मराठी, भिया!" आणि त्या एका वाक्यात शुद्ध काय आहे हे शोधत मी बसायचे. मी तेव्हा फार तिखट होते. आपल्या मराठीचा मला गर्व होता, आणि दुसऱ्याचं बोलणं कळलं नाही तर ते त्याचंच चुकलं असा माझा समज होता.

माझं पीएचडीचं काम माशांवर होतं. समुद्रापासून इतक्या लांब येऊन हिने मासे निवडले म्हणून विभागात सगळे हसले. पण माझे मासे नर्मदेतले होते. आमच्याकडे ज्याला अहीर म्हणतात, सापासारखा लांब, हातातून निसटणारा, त्याला खलघाटचे मासेमार बाम म्हणायचे. हा नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्राकडे जातो. म्हणजे आयुष्यात एकदा त्याला गोड्या पाण्याचा संसार मोडून खाऱ्या पाण्यात उतरावं लागतं. तो ते कसं करतो, हा माझा प्रश्न.

विद्यार्थ्यांना मी हे स्वयंपाकघरातून शिकवते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, समुद्रात माशाचं तसं होतं. आणि हरभरे रात्रभर भिजवले की टपोरे फुगतात, नदीत माशाचं तसं होतं. म्हणून नदीतला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, आत घुसलेलं पाणी सारखं बाहेर टाकत राहतो आणि मीठ जपतो. समुद्रातला मासा उलट सारखा समुद्रच पितो, आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. दरवर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून विचारतंच, "मॅम, मछली को भी प्यास लगती है?" लागते. समुद्रातला मासा तहानलेला असतो.

आणि हे सगळं यंत्र उलटं फिरवायचं काम हार्मोन करतात. गोड्या पाण्यात प्रोलॅक्टिन मीठ धरून ठेवतं. बाईच्या अंगात दूध आणतं तेच हे प्रोलॅक्टिन. खाऱ्या पाण्याकडे निघालं की कॉर्टिसॉल वाढतं आणि कल्ल्यांत मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी नव्याने तयार होतात. मात्र त्याला दिवस लागतात. मासा आधीपासून तयारीला लागलेला असेल तर निभतं. घाई केली तर अंगातलं पाणी निघून जातं.

प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात मला सिमेंटची एक टाकी मिळाली आणि तिच्यासोबत काकाजी मिळाले. ते शिकलेले आठवीपर्यंत, पण टाकीत काय चाललंय हे त्यांना माझ्या आधी कळायचं. बाम सुस्त दिसला की म्हणायचे, "आज याचा मूड ठीक नाही." आणि खरंच रक्ताच्या तपासणीत काहीतरी बिनसलेलं निघायचं. मिठाचं पोतं मी गावाहून आणलं होतं, मिठागराचं जाडं, काळपट मीठ, आयोडीन न घातलेलं. स्टेशनवर ते पोतं उचलताना काकाजी म्हणाले, "इंदूरला नमकीन कम पडलं काय मॅडम, जे घरून नमक घेऊन आल्या?" पुढे वर्षभर ते ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगत. प्रत्येक वेळी पोतं थोडं मोठं होत गेलं.

व्हरांड्यात दोन ड्रम होते. एक स्टँडवर, त्यात नळाचं पाणी क्लोरीन उडून जाईपर्यंत ठेवलेलं असायचं. दुसरा जमिनीवर, त्यात मिठाचं घट्ट द्रावण, इथल्या बोलीत घोळ, समुद्रापेक्षाही खारट. घोळातून मोजून थोडं घेऊन टाकीचं पाणी टप्प्याटप्प्याने खारं करत न्यायचं, प्रत्येक टप्प्याला माशांचं रक्त काढायचं, अशी सगळी आखणी होती. पाच बाम होते. त्या पाचांवर माझा प्रबंध उभा होता आणि प्रबंधावर नोकरी.

एप्रिलचे दिवस होते. इंदूरची हवा तेव्हा अशी कोरडी असते की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. टाकीतलं पाणी रोज उडत होतं, त्यात टाकीचा कॉकही गळत होता. संध्याकाळी घरी निघताना काकाजींनी दारातून आवाज दिला, "मॅडम, टाकीत पाणी बहोत कम झालंय. मी दोन्ही ड्रम भरून ठेवलेत. जाताना खाली पाणी टाकून द्याल. फक्त खाली पाणी, हां? भूलू नका."

मी म्हटलं, "हो, हो."

खाली पाणी. माझ्या डोळ्यांसमोर दोन ड्रम होते, एक वरचा आणि एक खालचा. माझ्या भाषेत खाली म्हणजे खाली. मला शंका आली नाही असं नाही. खालच्यात तर घोळ असतो, मग? पण वाटलं, काकाजींनी आज ड्रम भरताना त्यात बेताचं मिसळून ठेवलं असेल. ते गेटवर सायकलचं कुलूप काढत होते, धावत गेले असते तर विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण त्यांचं बोलणं मला समजत नाही हे मला त्यांना दाखवायचं नव्हतं. मी खालच्या ड्रममधून बादल्या भरल्या आणि टाकी आत मारलेल्या रेघेपर्यंत भरली. हाताला पाणी जड लागलं होतं. ते जडपण मला आजही आठवतं.

सकाळी पाचातले चार बाम मरून उताणे पडले होते. बाम तसा चिवट असतो. एका टप्प्याची घाई त्याने कदाचित सोसलीही असती, पण एवढं मीठ कुणीच सोसणार नाही. काकाजी टाकीच्या काठाशी उकिडवे बसले होते. त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग वरच्या ड्रमकडे पाहिलं, तो काठोकाठ भरलेला. मग खालच्याकडे, तो अर्ध्यावर आलेला. मग माझ्याकडे. काय झालं हे माझ्या डोक्यात तेव्हाच जुळत होतं. खाली पाणी. म्हणजे नुसतं पाणी. साधं, कोरं, मीठ नसलेलं.

तेवढ्यात विभागप्रमुख सर आले. मासे बघून त्यांचा आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर आली. "किसने किया ये?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"मेरे से हो गया सर," काकाजी म्हणाले. "जल्दी में नमक का पानी पड़ गया."

आणि मी तोंड मिटलं. मूग गिळून गप्प बसले. नवी नोकरी, प्रोबेशन, घरापासून इतकी लांब, ही सगळी कारणं मी त्या क्षणी मोजली आणि ती मला पुरेशी वाटली. सरांनी काकाजींकडून व्हरांड्याच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना वरच्या मजल्यावरच्या म्युझियममध्ये पाठवलं. तिथे काचेच्या बरण्यांत फॉर्मेलिनमध्ये मेलेले प्राणी होते आणि त्यांच्यावरची धूळ पुसायची होती. ज्या माणसाला माशाचा मूड कळायचा त्याला रिटायर होईपर्यंत तिथे बसवलं. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण लाज वाटली म्हणून मी काही केलं नाही.

उरलेल्या एका बामासाठी काकाजींनी सरांची परवानगी मागून घेतली होती, ड्यूटी लागण्याआधी अर्धा तास. बारा दिवस ते रोज सकाळी यायचे आणि टाकीतलं थोडं पाणी काढून थोडं नवं घालायचे. एके दिवशी मी जास्त बादल्या ओतायला लागले तर माझा हात धरला. "आहिस्ते मॅडम. चढलं झटक्यात, पण उतरू द्या आहिस्ते." तो बाम जगला. बाराव्या दिवशी त्यांनी तो प्लास्टिकच्या डब्यात घातला आणि बसने खलघाटला जाऊन नर्मदेत सोडून आले. परत येताना मला फुटाणे आणले. त्या बारा सकाळी आम्ही दोघंच तिथे होतो. त्या टाकीच्या काठावर, दोन चहांच्या मध्ये, मी सांगायला हवं होतं. ते माशांबद्दल बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. आता वाटतं, माझ्या इंदूरमधल्या इतक्या वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या सकाळी त्याच होत्या.

पुढे नवे बाम आले, प्रबंध झाला, नोकरी पक्की झाली, सर निवृत्त झाले. काकाजींच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं. काकू कणसाचा कीस करायच्या, मी एकदा नारळ घातलेली उसळ करून नेली तर दोघांनी मन लावून खाल्ली आणि दुसऱ्या वेळी नम्रपणे नको म्हणाले. माझं मराठीही हळूहळू बाटलं. गावी गेले की भाऊ चिडवतो, "काय मॅडम, कम बोला." खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी देवगडचं मीठ खाल्लं आणि जागले इंदूरच्या बोलीला, असं त्याचं म्हणणं.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी काकाजी तळमळत होते. ओठ सुकले होते. दिवसभराचं पाणी मोजून ठरवलेलं, त्यापेक्षा एक घोट जास्त द्यायचा नाही. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "पाणी द्या ना. खाली पाणी. खाली पाणी द्या."

मी दचकले. शब्द ऐकूनच दचकले आणि मग लक्षात आलं, हा शब्द मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकत होते.

काकूंनी कपाळाला हात लावला. "घ्या, शुद्ध नाही तर बघा कसे बोलून राहिलेत. नाही तर तुमच्या समोर हा शब्द बोलायची मनाई आहे आमच्या घरात."

"कसली मनाई?"

"अहो, तुम्ही घरी याल तर मला पहिलेच बजावून ठेवायचे. मॅडमच्या समोर खाली बोलू नको. ग्लास खाली झाला नाही, रिकामा झाला बोल. खाली पाणी नाही, सादं पाणी बोल. मी विचारलं, का हो? तर बोलले, त्यांच्याकडे त्याचा मतलब दुसरा निघतो, उगीच त्यांना लागेल. आता यात लागण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा."

मला आठवत होतं. म्युझियममध्ये ते म्हणायचे, "नीचेच्या शेल्फवर बघा मॅडम." चहाबरोबर, "सादं पाणी देऊ काय?" मला वाटायचं, माझ्याबरोबर बोलून त्यांचं मराठी सुधारलं. खरंच वाटायचं. एकदा मी त्यांना तसं म्हणालेही होते, आणि ते हसले होते.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त मासे कुणी मारले एवढंच नाही, तर कोणत्या शब्दाने मारले तेही. किल्ल्या गेल्या त्या एकदाच, पण हा शब्द ते माझ्यासाठी रोज सोडत होते. आणि मी त्यांच्या मराठीला मार्क देत होते!

त्या दिवसापासून मी फक्त एक आकडा विचारायचे, आज सोडियम किती. डॉक्टर सांगायचा आणि म्हणायचा, "धीरे-धीरे." काकू देवाला म्हणायच्या, लवकर बरं कर. मी मनात म्हणायचे, लवकर नको, आहिस्ते कर, पण पूर्ण कर. मला जे सांगायचं होतं ते अर्ध्या शुद्धीतल्या माणसाला सांगून सुटका करून घ्यायची नव्हती. ते ऐकतील आणि हवं तर रागावतील, एवढे तरी ते परत यायला हवे होते.

सहाव्या दिवशी दुपारी मी गेले तर ते उशीला टेकून बसले होते. काकू जेवायला घरी गेल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, कॉलेजला छुट्टी काय?"

मी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. टाकी, बादल्या, खालचा ड्रम, गेटवरची सायकल, मिटलेलं तोंड. न थांबता, जसं झालं तसं. "ते मासे मी मारले काकाजी. आणि तुमच्या किल्ल्या मी घालवल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ करा."

ते सलाईनच्या नळीकडे बघायला लागले. मला भीती वाटली, गेले की काय परत.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "चूक माझीपण होती. नमकचा ड्रम खाली ठेवला आणि वरून तुम्हाला खाली बोललो." ते थोडं हसले. मग हसू गेलं. "पण तुम्ही सांगाल, असं वाटलं होतं. एक-दोन वर्षं वाट पाहिली मी."

"मग?"

"मग सोडून दिलं. रोज रोज कोण वाट पाहील मॅडम."

मला खूप रडू आलं आणि त्यांनी रडू दिलं. मग घसा खाकरून त्यांनी टेबलावरच्या जगकडे बोट केलं. "सादं पाणी द्या थोडं. माझा कोटा बाकी आहे. सिस्टरला विचारा पाहिजे तर."

मी जग उचलला आणि तशीच उभी राहिले.

"काकाजी, खाली पाणी म्हणा. मला समजतं आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टाकीच्या काठावरून त्या सकाळी पाहिलं होतं, तसंच.

"खाली पाणी," ते म्हणाले.

ग्लासावर नर्सने पेनने रेघ मारून ठेवली होती. मी रेघेपर्यंत ओतलं आणि ग्लास त्यांच्या हातात दिला.